नदीकाठचं चिपळूण : मुंबईकर वाचकांचे प्रश्न

शिमगा आणि गणपतीच्या आधी दादर-ठाण्याच्या फलाटांवर उभं राहिलं की मुंबईत चिपळूणकर किती आहेत ते कळतं. या खेपेला त्यांच्याकडून वाशिष्ठीकाठच्या या शहराविषयी इतके प्रश्न आले, की इतर विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत.

प्रश्न : आमच्या मुंबई मंडळाला चिपळूणच्या इतिहासाची साठेक पानांची पुस्तिका काढायची आहे. गावाला वारंवार जाणं जमत नाही. मुंबईत काय मिळेल? (दादर)

बरंच काही. पहिलं पुस्तक म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’, १८८० सालचा. त्यानंतर १९६२ ची रत्नागिरी जिल्ह्याची सुधारित आवृत्ती. बहुतेक जण शेवटच्या स्थळवर्णनात ‘चिपळूण’ काढतात, दोन-तीन पानं उतरवून घेतात आणि खंड मिटतात. खरा ऐवज व्यापार, बंदरं, रस्ते आणि शेती या प्रकरणांत विखुरलेला आहे. कुंभार्ली घाटातून उतरणारा घाटमाथ्याचा माल, खाडीतून मुंबईला जाणारे पडाव (मालाच्या होड्या), बंदरावरची आवक-जावक हे सगळं तिथे आहे. प्रत्येक उल्लेख वेगळ्या कार्डावर घ्या. त्यावर पान क्रमांक लिहा, आणि ती माहिती मुळात कोणत्या वर्षाची आहे तेही लिहा. या दुसऱ्या नोंदीचा आळस महागात पडतो. १८८० च्या खंडातले लोकसंख्येचे आकडे १८७२ च्या जनगणनेचे आहेत, आणि स्मरणिकांमधून ते बिनदिक्कत ‘१८८० साली’ म्हणून छापले जातात.

पुढचा मुक्काम काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. ओळखपत्र आणि अर्ज लागतो. तिथे ‘चिपळूणची फाइल द्या’ म्हणून चालत नाही, कारण दप्तर गावानुसार लावलेलं नसून खातं आणि वर्ष यांनुसार लावलेलं आहे. आधी वर्षं ठरवा, महसूल खात्याच्या सूच्या मागवा, क्रमांक टिपा आणि मग खंड मागा. पहिला दिवस सूच्यांतच जाणार हे धरून चला. पेशवेकालीन कागद हवे असतील तर पुण्याचं पेशवे दप्तर गाठावं लागेल. मोडीतला कागद हाती आला तर लगेच सगळ्याचं लिप्यंतर करून घेऊ नका. जाणकाराकडून आधी मायना, तारीख आणि नावं वाचून घ्या. अर्ध्याअधिक वेळा तो साध्या कर्जाचा कागद निघतो, आणि लिप्यंतराचे पैसे पानामागे मोजावे लागतात.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिकं चाळता येतील. घरांचा आणि आळ्यांचा इतिहास लिहायचा असेल तर मिळकत पत्रिका आणि जुने फेरफार लागतील. आजूबाजूच्या गावांसाठी १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याच्या आधीचे आणि नंतरचे उतारे शेजारी ठेवून वाचा. कोण कूळ होता तो जमिनीचा मालक झाला आणि कोण गाव सोडून गिरणीत आला, ते तिथे नावानिशी दिसतं.

परशुरामाने बाण मारून समुद्र हटवल्याची कथा पुस्तिकेत जरूर घ्या. पण ती सनावळीच्या तक्त्यात पहिल्या ओळीवर नको, श्रद्धास्थानांच्या प्रकरणात घाला.

प्रश्न : २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा बाजारपेठेतल्या भिंतींवर होत्या. रंगकामात त्या पुसल्या जात आहेत. आम्ही चार-पाच तरुण सुट्टीत जाऊन त्यांची नोंद करू इच्छितो. कशी करावी? (भांडुप)

सगळ्या पत्रांतलं आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं हे काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खूण खरी कोणती ते ओळखा. चिपळुणातली जुनी घरं जांभ्याची आहेत. जांभा आणि चुन्याचा गिलावा पाणी वर ओढून घेतात, त्यामुळे भिंतीवरची ओलीची किंवा लोण्याची (फुटून आलेल्या क्षाराची) रेषा प्रत्यक्ष पाण्याच्या पातळीहून फूट-दीड फूट वर असू शकते. ती पुराची उंची म्हणून धरली की आकडा फुगतो. भरवसा ठेवावा तो पाणी न शोषणाऱ्या वस्तूंवर : खिडकीची काच, लोखंडी शटरच्या पट्ट्यांत अडकलेला गाळ, विजेच्या मीटरची पेटी, फरशी लावलेला खांब. बंद खोलीतली खूण रस्त्यावरच्या खुणेपेक्षा चांगली, कारण रस्त्यावर वाहत्या पाण्याची लाट आणि फुगवटा येतो. नदीकडे तोंड असलेल्या भिंतीवर पाणी आदळून चढतं आणि मागच्या भिंतीवर ते खाली असतं. एका इमारतीच्या दोन बाजूंना दोन उंच्या मिळाल्या तर एकीला खोटं ठरवू नका. दोन्ही लिहा, भिंतीच्या दिशेसकट.

उंची जमिनीपासून मोजून थांबू नका. नुसतं ‘साडेनऊ फूट’ लिहिलं तर ते पाच वर्षांत निरर्थक होतं, कारण रस्त्यावर दरवर्षी डांबराचा नवा थर चढतो. एक पक्का बिंदू धरा : देवळाचा जोता, जुन्या पुलाचा कठडा, विहिरीचं काठवण, असं काहीही जे हलणार नाही. मग प्रत्येक खूण त्या बिंदूच्या किती वर किंवा खाली आहे ते काढा. मोबाइलमधली समुद्रसपाटीची उंची या कामाला उपयोगाची नाही, तिच्यात कित्येक मीटरची चूक असते.

साधन स्वस्त आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, आतून ८ ते १० मिलिमीटरची, १५ मीटर लांब. बादलीतून तोंडाने ओढून पाणी भरा, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. पाण्यात थोडी शाई घाला. काम सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघा. येत नसेल तर कुठेतरी बुडबुडा अडकला आहे, नळी टिचक्या मारत उंच धरा. मोजताना दोन्ही टोकं उघडी हवीत. चालताना अंगठ्याने दाबलेलं टोक सोडायचं राहून जातं आणि सगळं वाचन चुकतं. नळीचा एक भाग कडक उन्हात आणि दुसरा सावलीत ठेवू नका. नीट केलं तर एका टप्प्यात ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही. गांधी चौकापासून चिंचनाक्यापर्यंत टप्पे बरेच होतील, म्हणून जाताना मोजा तसं परत येतानाही मोजा. सुरुवातीच्या बिंदूवर पोचल्यावर दोन सेंटिमीटरच्या आत जुळलं तर काम ठीक. नाही जुळलं तर परत करायचं, सरासरी काढायची नाही.

ही सगळी उंची पुढे समुद्रसपाटीला जोडायची असेल तर सर्वेक्षणाचा जुना बेंचमार्क (उंची नोंदवलेली पक्की खूण) शोधा किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र घेऊन यायला सांगा. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर उंची लिहिलेली असते, पण चिपळूण स्थानक बाजारपेठेपासून इतकं लांब आहे की नळीने तिथवर जाण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रत्येक खुणेचे तीन फोटो घ्या : एक जवळून पट्टी धरून, एक पूर्ण भिंतीचा, आणि एक रस्त्यावरून, इमारत ओळखू येईल असा. सोबत चार गोष्टी लिहा : कोणत्या पुराची खूण, ती कोणी दाखवली, त्या माणसाने पाणी स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि पाणी किती वाजता सर्वांत वर होतं. वेळ विचारायला विसरतात. पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, बाजारपेठ इथे पाणी कधी चढलं आणि कधी उतरलं याच्या वेळा एका कागदावर मांडल्या की पाणी वाशिष्ठीकडून आलं की शिव नदीचं पाणी पुढे जायला जागा न मिळाल्याने तुंबलं, ते आळीआळीने कळतं. नुसत्या उंचीवरून ते कळत नाही.

नगर परिषदेच्या नगररचना विभागात पूररेषांचा नकाशाही मागा. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या खुणा त्या नकाशावर ठेवल्या की बरेच वाद आपोआप मिटतील, काही नवे सुरूही होतील.

प्रश्न : चिपळूण कोयनेच्या पाण्याने बुडतं असं आमच्याकडे सगळे म्हणतात. काही जण भरतीला दोष देतात. खरं काय? (घाटकोपर)

कोयना धरण सह्याद्रीच्या पूर्वेला आहे, पण त्याचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे आणून वीज करतात. ते अवजल कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं. कृष्णा लवादाने या वळवलेल्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. ते वर्षभर सारखं सोडलं असं धरलं तर सेकंदाला सरासरी ६० घनमीटर होतात. पण वीजगृहं सारखी चालत नाहीत. मागणीच्या तासांना सगळी यंत्रं सुरू असतील तर आकडा याच्या कित्येक पट होतो.

आता पावसाचा हिशेब. १०० चौरस किलोमीटरवर ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३ कोटी घनमीटर पाणी झालं. ते २४ तासांत नदीत उतरलं तर सेकंदाला सुमारे ३५० घनमीटर, आणि वाशिष्ठीचं पाणलोट क्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा खूप मोठं आहे. म्हणजे मोठा वाटा पावसाचाच असतो. प्रश्न उरतो तो नेमक्या त्या चार-सहा तासांत अवजलाची भर किती पडली याचा. त्याचं उत्तर गप्पांतून मिळणार नाही, नोंदवहीतून मिळेल. माहिती अधिकारात अर्ज करताना ‘पुराची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका, मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं. ‘२१ जुलै २०२१ दुपारी १२ ते २३ जुलै दुपारी १२ या काळातील कोळकेवाडी धरणाची दर तासाची पातळी, वीजगृहांतून सोडलेले पाणी आणि सांडव्यावरील विसर्ग, घनमीटर प्रतिसेकंदात’ असं लिहा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

भरतीचं म्हणाल तर खाडीकाठचे लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. २२ जुलै २०२१ ला शुद्ध त्रयोदशी होती : तेरा पाऊणे पावणेदहा. पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाणाचे दिवस. हा अंदाज आहे, तो बराच चुकू शकतो. २६ जुलै २००५ ला वद्य षष्ठी होती, हिशेबाने साडेचार येतात. मुंबईत त्या दिवशीची ४.४८ मीटरची भरती दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी होती. शिवाय भरतीचं पाणी दाभोळच्या मुखातून चाळीसेक किलोमीटर आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेव्हा मुखावरची वेळ चिपळूणला लावू नका. कोरड्या दिवसांत जेट्टीवर पट्टी लावून तीन-चार भरत्यांचा फरक मोजा. भरती पूर आणत नाही, ती पुराच्या पाण्याची वाट अडवते.

वाट अडवणारं दुसरं कारण गाळ. घाटाचा उतार चिपळूणपाशी संपतो, पाण्याचा वेग मोडतो आणि दगडगोटे, वाळू, माती तिथेच बसते. २०२१ नंतर जलसंपदा विभाग आणि नाम फाउंडेशनने गाळ काढला, ते चांगलंच झालं. पण काढलेला गाळ काठावर रचून ठेवला तर पहिल्या दोन पावसांत तो पुन्हा पात्रात जातो. तुमच्या वाडीजवळ काम होईल तेव्हा गाळ टाकला कुठे, हे आधी विचारा.

अवजलाला नुसत्या शिव्या घालूनही चालणार नाही. उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती राहते ती याच पाण्यावर, आणि वीजगृहं बंद पडली की चिपळूणच्या नळांनाही ते जाणवतं.

प्रश्न : पुरात भिजलेली घरची कागदपत्रं आणि पुस्तकं गोणीत भरून ठेवली होती. पुढच्या वेळी काय करावं? (मुलुंड)

गोणीत भरू नये, हे पहिलं. ओल्या कागदावर ४८ तासांच्या आत बुरशी धरते. कोकणातल्या जुलैत हवेला इतका दमटपणा असतो की पुस्तक गावात नुसतं पसरून वाळत नाही. १८६४ मध्ये सुरू झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरालाही दोन्ही महापुरांचा तडाखा बसला. ग्रंथालयाची ही गत, तर घरातल्या पेटीचं काय!

चिखल लागलेलं पुस्तक उघडू नका. ते मिटलेलंच दोन्ही हातांत घट्ट धरून स्वच्छ पाण्याच्या बादलीत हलकेच विसळा, घासू नका. मग उभं करून पाणी निथळू द्या. दर २०-२५ पानांनंतर न छापलेला वृत्तपत्री कागद घाला. छापलेल्या वर्तमानपत्राची शाई उतरते. एका वेळी फार कागद कोंबले तर पुठ्ठ्याची शिवण फाटते. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी कागद बदला. पंखा लावा, पण झोत थेट पानांवर नको. ऊन तर नकोच, पानं कडक होऊन वाकतात.

ढीग मोठा असेल तर निवड करा. बाजारात पुन्हा मिळणारी पुस्तकं सोडून द्या, वाईट वाटलं तरी. हस्तलिखितं, वह्या, देवस्थानचे जमाखर्च, खरेदीखतं आधी घ्या. जे दोन दिवसांत हाताळता येणार नाही ते बटर पेपरमध्ये वेगवेगळं गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि महिन्याभराने थोडं थोडं बाहेर काढून वाळवता येतं. मुंबईत आणता आलं तर एसी असलेली खोली ‘ड्राय’ मोडवर ठेवून वाळवा. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं ओली असतानाच पानं सुटी करा किंवा लगेच गोठवा. एकदा चिकटून वाळली की त्यांची वीट होते.

मोडी कागदांवरची काजळीची शाई पाण्याला बरीच टिकते, म्हणून ते कागद बघून घाबरून फेकू नका. फाउंटन पेनची शाई मात्र पसरते, असे कागद विसळायचे नाहीत, फक्त टिपायचे. वाळल्यावर सेलोटेप आणि लॅमिनेशन, दोन्ही टाळा. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरं खातो.

प्रश्न : आजोबा मुंबईहून ‘बोटीने चिपळूणला’ जायचे. चिपळूण तर समुद्रावर नाही! (गिरगाव)

किनाऱ्याची आगबोट दाभोळपर्यंत. तिथून वाशिष्ठीच्या खाडीतून लहान बोटीने किंवा पडावाने गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत, आणि पुढे बैलगाडी किंवा पाय. खाडीतला प्रवास भरतीवर अवलंबून असायचा. ओहोटी लागली की होडी गाळात बसून राहायची, त्यामुळे एकाच प्रवासाच्या आठवणीत कुणी ‘चार तास’ सांगतो तर कुणी ‘आख्खी रात्र’. दोघंही बरोबर असू शकतात. पावसाळ्यात किनाऱ्याची वाहतूक बंद राहायची, म्हणून जुन्या पत्रांत नारळी पौर्णिमेनंतर येण्याजाण्याचे बेत दिसतात. वेळापत्रकं हवी असतील तर त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांतल्या जाहिराती बघा.

गोवळकोटच्या धक्क्यावर फोटो काढायला जाल तेव्हा पाण्यात उतरू नका. खाडीत मगरी आहेत, आणि दुपारी चिखलात पडलेली मगर ओंडक्यासारखीच दिसते.

प्रश्न : गोवळकोट-पेठमापच्या श्री करंजेश्वरी देवीच्या शिमग्यात शेरणे काढतात, त्याचं चित्रीकरण करायचं आहे. शिवाय जुन्या माणसांच्या मुलाखती. काय काळजी घ्यावी? (लालबाग)

न पाहिलेल्यांसाठी : नवसाचा नारळ जमिनीत पुरलेला असतो आणि देवीची पालखी तो शोधते. पालखी थांबते तिथे खणायचं. पालखी कुठल्या बाजूला वळेल ते खांदेकऱ्यांनाही आधी सांगता येत नाही, म्हणून ट्रायपॉड मैदानात रोवणं धोक्याचं आणि उद्धटपणाचंही. एक कॅमेरा उंचावरून, गच्चीवर. एक हातात, गर्दीच्या कडेने. आदल्या दिवशी मानकऱ्यांना भेटा आणि काय टिपलेलं चालणार नाही ते आधी विचारा. गाऱ्हाणं रेकॉर्ड करायला काही ठिकाणी नकार मिळतो. मिळाला तर यंत्र बंद. ढोल-ताशाचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर फाटतो, म्हणून वेगळा रेकॉर्डर लावून आवाजाची पातळी निम्म्यावर ठेवा.

रजा टाकताना तिथी बघा. फाकपंचमीपासून हालचाल सुरू होते, काही गावांचे शिमगे तेरसे असतात म्हणजे त्रयोदशीला होम लागतो, काहींचे पौर्णिमेला भद्रेचे. शेजारच्या गावाच्या तारखेवर विसंबून तिकीट काढलं की होम संपल्यावर पोचाल. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं.

मुलाखतीत ‘हे कोणत्या साली?’ असं विचारलं की लोक गोल आकडा सांगतात. ठाम तारखांना गाठ मारा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप चिपळूणच्या सगळ्या म्हाताऱ्यांना आठवतो. ‘तेव्हा तुम्ही कुठल्या घरात होतात? पालखीचा मान तेव्हा कोणाकडे होता?’ असं विचारा. १९७२ चा दुष्काळ, कोकण रेल्वे, २००५ चा पूर या पुढच्या गाठी. आजींशी बोलायचं असेल तर दुपारी, घरातली कामं आवरल्यावर, आणि शक्यतो मुलाच्या देखत नको. मुलगा मध्ये बोलतो. नाव छापायचं की नाही, हे सुरुवातीला आणि शेवटी असं दोनदा विचारा. आपण काय काय सांगितलं हे ऐकल्यावर बऱ्याच जणांचं उत्तर बदलतं.

प्रश्न : हे सगळं जमवल्यावर ठेवायचं कुठे? मंडळाची खोली परळच्या चाळीत आहे आणि चाळ पुनर्विकासाला चालली आहे. (परळ)

मूळ कागद ज्याचे त्याच्याकडे परत, पोच घेऊन. मंडळाने फक्त प्रती ठेवाव्यात. स्कॅन ३०० डीपीआयला पुरतं, बारीक मोडी अक्षर असेल तर ६००. टिफ प्रत जपायला, पीडीएफ वाटायला. फाइलच्या नावात तारीख, आळी आणि क्रमांक असावा. ‘स्कॅन नवीन फायनल २’ अशा नावाचा कागद वर्षभराने तुम्हालाच सापडणार नाही. तीन प्रती करा : एक हार्ड डिस्क मुंबईत, एक चिपळुणात, एक क्लाउडवर. चिपळूणची डिस्क कोणाकडे ठेवायची ते तुमच्याच मोजमापांवरून ठरवा. २०२१ च्या खुणेच्या वर पहिला मजला असलेलं घर निवडा, आणि डिस्क वर्षातून एकदा लावून फाइली उघडतात का ते बघायची जबाबदारी नावानिशी कोणाला तरी द्या.